पोढी : नाणेघाटातून जुन्नरला, चार दिवस

कल्याणच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. सातवाहनांचा धडा दरवर्षी एका तासात उरकतो. 'सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठण, तेरला जाई' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण त्या वाटेने एकदाही चालले नव्हते. या वर्षी दिवाळीची सुट्टी संपायला पाच दिवस उरले होते, तेव्हा मामांना फोन केला.

मामा पाटबंधारे खात्यात होते. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. जुन्नर, नारायणगाव, येडगाव हा सगळा मुलूख त्यांना पाठ. पण तिकडे ते नेहमी माळशेजच्या रस्त्याने एसटीने गेलेले. "नाणेघाट मी वरून पाहिलाय गं, खालून कधी चढलो नाही," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काठी, टॉर्च आणि जुनी डायरी घेऊन कल्याणच्या स्टँडवर माझ्याआधी हजर.

पहिला दिवस : वैशाखरे ते घाटघर

मुरबाड, टोकावडे आणि मग वैशाखरे. गावाच्या थोडं पुढे हमरस्त्यालाच नाणेघाटाची वाट फुटते. तिथे उतरलो तेव्हा आठ वाजून गेले होते. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. कापलेल्या पेंढ्या खाचरांत आडव्या पसरलेल्या आणि हवेत त्या ओल्या तणसाचा गोडसर वास.

वाट सुरुवातीला जंगलातून जाते. साग, ऐन, मध्येच करवंदीची जाळी. एक ओढा दोनदा ओलांडावा लागतो. नोव्हेंबरात त्याला घोट्याएवढं पाणी होतं. मामांनी वेग धरला नाही आणि मलाही धरू दिला नाही. "ही ओझ्याच्या जनावरांची वाट आहे," ते म्हणाले. "बघ, कुठेही एकदम उभी चढत नाही. वळण घेते, दम देते." पुढे सपाटी लागली आणि समोर नानाचा अंगठा दिसू लागला. कोकणावर ओणवलेला तो सुळक्यासारखा कडा सकाळी अजून सावलीतच होता. डोळ्यांना तो जवळ वाटतो, पायांना मात्र तास-दीड तास लागतो.

शेवटच्या टप्प्यात दगडांच्या पायऱ्या आणि फरसबंदी आहे. कितीतरी दगडांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत. त्यावर बूट टेकवताना उगाच पाऊल हलकं पडत होतं. घाटमाथा हाकेच्या अंतरावर आला की उजव्या-डाव्या हाताला कातळात कोरलेली टाकी दिसू लागतात आणि मग ते लेणं.

मी आधी लेण्यात गेले, मामा आधी टाक्याकडे.

लेणं म्हणजे एक चौकोनी दालन. तीन बाजूंनी ओटे, समोर आता लोखंडी जाळी. मूर्तीही नाही, स्तूपही नाही. आहेत त्या अक्षरांनी भरलेल्या भिंती. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख. इसवी सनापूर्वी पहिल्या-दुसऱ्या शतकातला. सातवाहनांची राणी नागनिका हिने, नवरा श्रीसातकर्णी गेल्यानंतर, दोघांनी केलेल्या यज्ञांची नोंद इथे कोरवून घेतली. अश्वमेध, राजसूय, आणखी कितीतरी यज्ञ, आणि प्रत्येकाला दिलेली दक्षिणा : गाई, घोडे, हत्ती, रथ, कार्षापण नाणी. ते आकडे लिहिताना कोरणाऱ्याने वापरलेली २, ४, ६, ७, ९ ही चिन्हं भारतीय अंकांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी आहेत. आमच्या वर्गातली मुलं ज्या अंकांत बेरजा चुकतात, त्या अंकांचे पूर्वज इथे भिंतीवर आहेत.

मला मात्र अंकांपेक्षा राणीच खिळवून ठेवते. लेखात तिने स्वतःचं वर्णन करून घेतलंय : महिना महिना उपास करणारी, घरातच तापसीसारखी राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. मुलं लहान, राज्य मोठं, आणि ही बाई ठरवते की आपल्या घराण्याची ओळख राजवाड्यात नाही, रहदारीच्या खिंडीत लिहायची. प्रत्येक तांडा इथून जाणार, प्रत्येक व्यापारी इथे थांबणार. सुरुवातीला नमन कुणाला? धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना.

मागच्या भिंतीवर एके काळी आठ पुतळे होते. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, आणि एक 'महारठि', म्हणजे मोठा सरदार. पुतळे गेले. पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं राहिली. १८२८ मध्ये विल्यम साइक्सने हे लेणं पाहून त्याची नोंद केली आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी लेखाचा अर्थ लावण्याचं मोठं काम केलं. मधली कित्येक शतकं माणसं याच दालनात पावसाला थांबली असतील, चूल मांडून भाकरी भाजली असेल, आणि भिंतीवरची ही नक्षी कसली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 'महारठि' ही चार अक्षरं मी बोट न लावता हवेतच गिरवली.

बाहेर आले तर मामा टाक्याच्या तोंडाशी गुडघे टेकून आत टॉर्च मारत होते. "ये इकडे. वरून केवढंसं दिसतंय? आत बघ, कुठवर गेलंय." तोंड लहान, आत मात्र कातळाच्या पोटात पसरत गेलेलं. ऊन लागत नाही, म्हणून पाणी उडत नाही. मग त्यांनी वरच्या कड्याकडे बोट केलं. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर, मऊ, मातकट थर असतो. पावसाचं पाणी भेगांतून खाली येतं, त्या जोडावर अडतं आणि झिरपत बाहेर निघतं. "खोदणाऱ्याने नुसता खड्डा नाही मारलेला. झिरपा कुठे आहे ते आधी पाहिलंय. मग छिन्नी लावलीय."

या टाक्यांवरही लेख आहेत, हे मी त्यांना सांगितलं. एक टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेलं. दुसरं कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने, वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या तेराव्या वर्षी. लेखात टाक्याला शब्द आहे 'पोढि'. 'देयधम पोढि', म्हणजे धर्मार्थ दिलेलं टाकं.

"पोढी," मामांनी शब्द दोनदा उच्चारला आणि डायरीत लिहून घेतला. मग म्हणाले, "राणीने हत्ती दिले. ते गेले. या गोविंददासाचं पाणी अजून आहे बघ."

एका टाक्यात प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तरंगत होती. काठीने ओढून ओढून आम्ही बावीस बाटल्या बाहेर काढल्या. मला तिथे फार वाईट वाटलं. लेण्याला जाळी आहे, पहारा आहे. पोढीला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या गावच्या माणसाने तहानलेल्यासाठी खर्च केला आणि पाणी पिऊन झाल्यावर आपण त्यातच बाटली टाकतो.

खिंडीच्या अरुंद नळीतून वर आलं की तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळे सांगतात. रांजण भव्य आहे खरा. मी त्याच्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि पश्चिमेकडे वळले. खाली सगळं कोकण पिवळ्या खाचरांनी भरलेलं. आमचं कल्याण त्या धुरकट पट्ट्यात कुठेतरी होतं. दक्षिणेला जीवधन आणि त्याला टेकून उभा वानरलिंगीचा सुळका. निजामशाही बुडत असताना तिच्या वंशातलं एक लहान मूल याच जीवधनवर होतं. शहाजीराजांनी त्याला इथून नेलं आणि पेमगिरीवर गादीवर बसवलं. मामांच्या गुडघ्यांकडे पाहून जीवधन आम्ही पुढच्या खेपेला ठेवला.

घाटघरला पोचायला तासाभराहून जास्त लागलं. महादेव कोळी वस्तीचं गाव. ज्यांच्याकडे उतरलो त्या घरच्या मावशींनी तांदळाची भाकरी, वालाची आमटी आणि मिरचीचा ठेचा वाढला. अंगणात झोडणीसाठी खळं सारवून ठेवलेलं. बोलता बोलता मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला : "पाण्याचं कसं काय?"

मावशी हसल्या नाहीत. "पावसाळ्यात इथं आठ आठ दिस सूर्य दिसत नाही. आन् चैत सरला का हंडा घेऊन पहाटंच निघावं लागतं. खाली ओढ्याकडंला कातळात जुनं टाकं हाये. त्याला लई पाणी असायचं म्हणं. आता गाळानं भरलं. दोन हंडे भरले का चिखल."

मामांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "सकाळी दाखवाल का?"

दुसरा दिवस : टाकं, कुकडेश्वर, चावंड

सकाळी थंडी चांगलीच होती. काळा चहा पिऊन मावशींच्या मुलाबरोबर उतारावरून गेलो. टाकं लांबून कळतही नाही. दगडगोटे आणि वाळलेलं गवत यांच्यामध्ये एक ओला, हिरवट चौकोन. मामांनी काठी आत घातली. गाळात ती कंबरभर गेली आणि मग टणक काहीतरी लागलं. दुसऱ्या कोपऱ्यात घातली, आणखी खोल गेली. वरच्या बाजूला कातळात बोटभर खोल पन्हळ होती, मातीने बुजलेली. मामांनी ती बोटांनी दोन हात लांब मोकळी केली. मला ते पाहताना भरून आलं. ज्या हाताने यांनी आयुष्यभर कालव्यांच्या लेव्हल्स लिहिल्या, तोच हात आता दोन हजार वर्षांच्या नाहीतर दोनशे वर्षांच्या, कुणाच्या का असेना, पन्हळीतून माती काढत होता.

"टेप आणली असती तर माप घेतलं असतं," एवढंच म्हणाले. डायरीत पावलांच्या मापाने एक आकृती काढली. मावशींच्या मुलाला पाच-सहा प्रश्न विचारले : गाळ काढायला किती माणसं येतील, माती टाकायची कुठे, ग्रामपंचायतीत कुणाशी बोलावं लागेल. तो मुलगा आधी नुसता मान हलवत होता. नंतर स्वतःच सांगू लागला.

घाटघरहून जीपने पूर गावी उतरलो. कुकडी नदी इथे उगम पावते आणि तिच्या उगमाशी कुकडेश्वराचं देऊळ आहे. शिलाहार राजा झंझ याने शंकराची बारा देवळं बांधली असं त्या घराण्याच्या ताम्रपटात म्हटलंय, आणि नद्यांच्या उगमांवरची ही देवळं त्यांतलीच, असं इकडे परंपरेने मानतात. शिखर राहिलेलं नाही, त्यामुळे लांबून देऊळ बसकं दिसतं. जवळ गेलं की चौकटीवरची, खांबांवरची नक्षी बोलायला लागते. गाभाऱ्यात ओलसर गारवा, पिंडीवर ताजं बेलाचं पान. पुजारी नव्हते, घंटाही आम्ही वाजवली नाही.

देवळाच्या पायरीवर बसून मामा कुकडीबद्दल बोलले. मी हे त्यांच्या तोंडून लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांत ऐकलंय, पण उगमाशी बसून ऐकणं वेगळं. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे : पाच धरणं मिळून कुकडी प्रकल्प. पाणी जातं जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत. "करमाळ्यात पहिल्यांदा कालव्याला पाणी आलं तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी पाहिलंय. ते खोटं नव्हतं. त्या पाण्याने माणसं जगली." थोडं थांबले. "पण घाटघर धरणाच्या वर आहे. पाणी उतारानं जातं, वर चढत नाही. पाऊस सगळ्यात जास्त यांच्या डोक्यावर, आणि कालवा यांच्या पायाखालून निघतो. आम्ही नकाशा काढायचो तो धरणापासून खाली. धरणाच्या वरचा कागद कोराच असायचा."

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

दुपारी मामा चावंडवाडीत एका ओसरीवर विसावले आणि मी चावंड चढून आले. कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या, जिथे त्या तुटल्यात तिथे आधाराला रेलिंग. दरवाजावर गणपती. अहमदनगरच्या गादीसाठी भांडणं पेटली तेव्हा बहादूर निजामशाह नावाच्या तान्ह्या वारसाला याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं. जीवधनवर एक मूल, चावंडवर एक, आणि शिवनेरीवर जन्मलेलं तिसरं. या डोंगरांनी फार लहान मुलांवर फार मोठी ओझी पाहिली आहेत. माथ्यावर सात टाकी एका ठिकाणी कोरली आहेत. गावात त्यांना सप्तमातृका म्हणतात. पाण्याला आई म्हणणं आपल्याकडे जुनंच, पण सातही जणींना एकत्र शेजारी बसवलेलं मी इथेच पाहिलं. माणिकडोहच्या जलाशयावर ऊन तिरपं झालं तेव्हा खाली उतरले.

रात्री जुन्नर.

तिसरा दिवस : तुळजा लेणी आणि शिवनेरी

जुन्नर भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. एवढी लेणी एका गावाभोवती महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. गणेश लेणी, तुळजा, मानमोडी, शिवनेरी : गावातून कुठेही मान वर करा, कड्यात काळे चौकोन दिसतात. व्यापारी मार्गावरचं शहर किती श्रीमंत होतं ते यावरून समजावं.

तुळजा लेण्यांकडे आम्ही रिक्षाने आणि मग शेताच्या बांधावरून गेलो. कांद्याची लागण चालली होती, बायका ओळीने वाकून रोपं टोचत होत्या. इथलं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, मी चित्रात पाहिलं होतं, तरी आत पाऊल टाकल्यावर श्वास रोखला गेला. भाजे, कार्ले, बेडसे इथली चैत्यगृहं लांबट, मागे गोलाई घेतलेली. हे मात्र पूर्ण गोल. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं आणि वर घुमटासारखं छत. दर्शनी भाग पडून गेलाय, त्यामुळे उजेड थेट स्तूपावर येतो. मी खांबांच्या बाहेरून एक प्रदक्षिणा घातली, मग आणखी एक. शेजारच्या लेण्यात तुळजाभवानीची स्थापना आहे, तिच्यावरून लेण्यांना नाव पडलं. एक आजी देवीला दिवा लावून आल्या, स्तूपालाही त्यांनी सहज हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मामा मघापासून कुठे आहेत म्हणून पाहिलं तर अर्थातच टाक्याशी.

जेवायला गावात आलो. जुन्नर-नारायणगाव भागात येऊन मासवडी न खाता जाणं मला पटत नाही. नावात मास असलं तरी पूर्ण शाकाहारी. बेसनाचं घट्ट पिठलं शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण पसरायचं आणि फडक्याच्याच आधाराने वळकटी करायची. मग वड्या कापायच्या आणि वरून झणझणीत काळा रस्सा. बाजरीची भाकरी कुस्करून मामांनी दोन वाट्या रस्सा संपवला.

शिवनेरी दुपारी चढलो. सात दरवाजांची वाट, रुंद, बांधीव. शिवाई देवीच्या देवळात गेलो. तिच्याच नावावरून जिजाऊंनी बाळाचं नाव ठेवलं असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. वर अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं, पुढे गंगा-जमुना टाकी, मग जन्मस्थानाची इमारत, पाळणा, बदामी तलाव, आणि टोकाला कडेलोट. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरी आहे. त्या दिवशी शाळेत आम्ही पेढे वाटले होते.

जन्मस्थानाशी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एक बाप आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन पाळणा दाखवत होता. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सगळ्यांना पाठ असते. १६३० ते १६३२ ही दख्खनच्या महाभयंकर दुष्काळाची वर्षं, हे फारसं कुणी जोडून पाहत नाही. पाऊस गेला, धान्य संपलं, माणसं गावंच्या गावं सोडून निघाली, रस्त्यांवर मेली. त्या दोन वर्षांत हे बाळ रांगायला, चालायला शिकत होतं. किल्ल्यावर धान्याचं कोठार होतं आणि कातळातलं पाणी होतं.

मी गंगा-जमुना टाक्यांपाशी परत आले आणि बराच वेळ तिथेच बसले. थंड, स्वच्छ पाणी. किल्ले बांधणारे येण्याच्या कितीतरी आधी या डोंगरात भिक्खू राहिले आणि त्यांनीही पाण्यापासूनच सुरुवात केली. जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे, म्हणजे ग्रीकांशी नातं सांगणाऱ्या परदेशी माणसांचे, तीन लेख आहेत. चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग दिला. चिट नावाच्याने संघाला भोजनमंडप दिला. तिसरा इरिल. त्याचं दान दोन शब्दांचं आहे : 'बे पोढियो'. दोन टाकी. समुद्र ओलांडून आलेल्या घराण्यातला माणूस, आणि तो 'बे पोढियो' असं जवळजवळ आपल्या आजीच्या बोलीत लिहवून घेतो.

मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याला इथला उन्हाळा कळला होता."

चौथा दिवस : लेण्याद्री

लेण्याद्रीला सकाळी लवकर पोचलो तरी गर्दी होतीच. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात असलेला हा एकच गणपती, गिरिजात्मज. तीनशेच्या आसपास पायऱ्या. देवळाचं सभागृह म्हणजे मुळातला मोठा विहार. एवढ्या रुंद छताला मध्ये एकही खांब नाही, आणि तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. लोक दर्शन घेऊन मागे फिरतात. खोल्यांत डोकावणारे थोडे. रांगेत माझ्यापुढच्या काकूंनी विचारलं, "ह्या खोल्या कशाच्या हो?" मी सांगितलं. त्या एका खोलीत जाऊन दगडी ओट्यावर हात फिरवून आल्या आणि मग नवऱ्यालाही हाताला धरून घेऊन गेल्या.

माझं खरं काम शेजारच्या सहाव्या लेण्यात होतं. हे चैत्यगृह आहे. घंटेच्या आकाराच्या खांबशीर्षांवर वाघ, हत्ती. इथल्या लेखात दात्याचं नाव आहे सुलसदत्त, हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याचं काम पाहणारा. आणि गाव : कल्याण.

मी त्या अक्षरांखाली उभी राहिले. हा माणूस माझ्या गावातून निघाला असेल, माझ्याच वाटेने. तो ओढा ओलांडून, त्या पायऱ्या चढून, गोविंददासाच्या पोढीतलं पाणी पिऊन इथवर आला, आणि कमावलेल्यातून त्याने हे कोरवलं. शाळेत परत गेल्यावर फळ्यावर ते वाक्य लिहीन तेव्हा त्यात एक नाव असेल.

जुन्नरच्या लेखांत राजे कमी, धंदेवाले जास्त. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली : 'सतगभं पोढि च'. बांबूचं काम करणारे वंसकार आणि काशाचं काम करणारे कासाकार यांच्या श्रेणींकडे लोक पैसे ठेवायचे आणि व्याज संघाला जायचं. कासाकार वाचलं की आपला कासार आठवतोच. कुणी करंजाची झाडं लावण्यासाठी जमिनीचं उत्पन्न लावून दिलंय, कुणी आंब्याची. सावली, पाणी, निजायला जागा. वाटसरूला आणखी काय लागतं?

मानमोडीला जायचं ठरलं होतं. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख तिथे आहे आणि त्याच्याही दानात पोढी आहे. पण खाली उतरल्यावर मामा म्हणाले, "तू जाऊन ये. मला बाजारात काम आहे."

मीही मग गेले नाही. त्यांच्याबरोबर जुन्नरच्या पेठेत गेले. हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी तीस मीटरची टेप घेतली, वीस मीटर सोल, दोन घमेली आणि एक फावडं. पाठीवर सॅक, हातात घमेली, अशा वेशात ते स्टँडवर घाटघरच्या गाडीची पाटी शोधू लागले.

"मामा, आजच?"

"मावशींच्या पोराला फोन केला मघाशी. भात झोडून झालं की दहा-बारा जण येतो म्हणाला. तोवर मी माप घेऊन ठेवतो. पन्हळ किती लांब जाते ते बघायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून, अगदी अधिकाऱ्यासारखं : "तू त्या लेखातली अक्षरं मला मोठी करून काढून पाठव. 'देयधम पोढि'. ब्राह्मीतली. गावातल्या पोरांना दाखवतो."

घाटघरची गाडी आधी आली. खिडकीतून घमेली आत सरकवली, ते चढले, कंडक्टरने सामानाकडे पाहून भुवया वर केल्या आणि तिकीट फाडलं.

माझी कल्याणची एसटी माळशेज उतरून वैशाखऱ्याशी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. उजेड फक्त कड्याच्या माथ्यावर उरला होता आणि नानाचा अंगठा त्यात स्पष्ट दिसत होता. मी फोन काढून अक्षरं जुळवायला घेतली. आधी 'दे'.